दाढेखालची सिस्ट: कापून काढायची की प्लेट लावून आटवायची?

“माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, चौथीत. दोन वर्षांपूर्वी डावीकडच्या खालच्या दुधाच्या दाढेला कीड लागली म्हणून आत औषध भरून वर स्टीलची टोपी बसवली होती. आता त्याच बाजूचा गाल जरा फुगीर दिसतो. दुखत काही नाही. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला तर जबड्यात 2 सेंटीमीटरची सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, निघाली आणि तिच्यात खालची कायमची उपदाढ अडकली आहे असं कळलं. एक सर्जन म्हणतात, पूर्ण भूल देऊन सिस्ट आणि आतला दात दोन्ही काढू, विषय संपेल. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, फक्त दुधाची दाढ काढू, तिथून सिस्टला भोक पाडू आणि त्या भोकात बसेल अशी प्लेट बनवून देऊ. सिस्ट हळूहळू आटेल, दातही वर येईल, पण सहा महिने ते वर्ष लागेल. गाठ आत तशीच ठेवणं धोक्याचं नाही का? कॅन्सरची तर नसेल? आणि एवढे महिने हे सगळं घरी निभावेल का?”
एक आई, बार्शी

ताई, दोन्ही डॉक्टर शास्त्राला धरूनच बोलत आहेत. पण मुलाचं वय, दुधाच्या दाढेखालची जागा आणि आतल्या दाताचं मूळ अजून तयार होत असणं, हे पाहता आमचा कौल प्लेटच्या बाजूने आहे. अट एकच. भोक पाडताना सिस्टच्या भिंतीचा तुकडा काढून तपासायला गेलाच पाहिजे आणि त्याचा रिपोर्ट तुमच्या फाइलला लागला पाहिजे. रिपोर्टशिवाय महिनोन्‌महिने नुसती प्लेट घालून बसणं आम्हाला मान्य नाही.

आधी कॅन्सरबद्दल, कारण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. या वयात, या जागी, औषध भरलेल्या दुधाच्या दाढेखाली सापडणारी सिस्ट बहुतेक वेळा डेंटिजेरस प्रकारची असते. न उगवलेल्या प्रत्येक दाताच्या डोक्याभोवती एक पातळ पिशवी असतेच, दात वर येताना ती विरून जाते. वरच्या दुधाच्या दाढेच्या मुळाशी जंतुसंसर्ग रेंगाळला की त्याची झळ खालच्या पिशवीला लागते आणि पिशवी व दात यांच्यामध्ये पाणी साचायला लागतं. वरून टोपी चकचकीत, दुखणं नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. एक्स-रेत निरोगी पिशवीची दाताभोवतीची काळी कड साधारण 2 ते 3 मिलिमीटर रुंद असते; 5 च्या पुढे गेली की सिस्टची शंका घेतात. ही सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे.

तरीही बायोप्सीचा आग्रह कशासाठी? कारण ओपीजीवर हुबेहूब अशाच दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक केराटोसिस्ट, जी काढली तरी पुन्हा उगवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं होतं आणि 2017 मध्ये परत सिस्टच्या यादीत आणलं, यावरून ती किती बेभरवशाची ते समजा. दुसरी, एका कप्प्याचा अमेलोब्लास्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींचा ट्यूमर. हा शरीरभर सहसा पसरत नाही, पण जबडा पोखरत जातो. या दोन्हींचा उपचार वेगळा, पाठपुरावाही बराच लांबचा. फोटो पाहून हा फरक कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता भोक ठेवून सिस्ट आटते कशी? सिस्ट वाढते ती मुख्यतः आतल्या दाबामुळे. आतलं पाणी आजूबाजूच्या पेशीरसापेक्षा दाट असतं, म्हणून ते बाहेरचं पाणी ओढून घेतं; पिशवी ताणली जाते आणि तिच्या भिंतीतून हाड विरघळवणारी रसायनं सुटतात. भिंतीला एक कायमची वाट करून दिली की दाब जातो. मग आजूबाजूचं हाड आत सरकत भरायला लागतं आणि पिशवीचं अस्तर हळूहळू तोंडाच्या आतल्या त्वचेत मिसळून जातं. जर्मन सर्जन कार्ल पार्च यांनी 1892 मध्ये ही पद्धत मांडली, म्हणजे कुणी काल-परवा काढलेला प्रयोग नाही. फाइलवर ‘मार्सुपियलायझेशन’ किंवा ‘डीकॉम्प्रेशन’ असं लिहिलेलं दिसेल. पहिल्यात भोक मोठं ठेवून कडा टाके घालून शिवतात, दुसऱ्यात भोक लहान ठेवून नळी किंवा प्लेट लावतात. लहान मुलांमध्ये दुधाच्या दाढेचा खड्डा आयताच मिळतो, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते.

पूर्ण काढण्याच्या शस्त्रक्रियेला आमचा सरसकट विरोध नाही. मोठ्या माणसात, अक्कलदाढेभोवतीच्या सिस्टमध्ये, आम्हीही तेच सुचवतो. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत सिस्टबरोबर एक धडधाकट कायमची उपदाढ जाईल, शेजारच्या कच्च्या दातांच्या मुळांना धक्का लागू शकतो, आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस याच भागातून जाते. दात गेला तर तिथे इम्प्लांट बसवायला जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सतरा-अठरा वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तोवर शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलणार, मग तारा. ‘विषय संपेल’ म्हणणाऱ्यांनी हा पुढचा हिशेब सांगायला हवा.

तोटाही ऐकून ठेवा. भोक ठेवण्याच्या पद्धतीत तपासला जातो तो एक तुकडा; बाकी अस्तर आतच राहतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कधीच जात नाही. तुकड्यात काही सापडलं नाही आणि पलीकडच्या भिंतीत अमेलोब्लास्टोमाचा ठिपका होता, असं क्वचित घडतं. म्हणून तुकडा ओझरता, कपच्यासारखा नको. निदान सेंटीमीटरभर लांबीचा, भिंतीच्या पूर्ण जाडीसकट हवा. आणि तीन महिन्यांत सिस्ट ढिम्म हलली नाही, तर पुन्हा तुकडा घ्यायलाच हवा.

प्रत्यक्षात काय काय होईल ते सांगतो. समजूतदार मूल असेल तर बहुतेकदा जागेपुरती भूल पुरते. फार घाबरणारं असेल तर गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल. आधी जाड सुईने, बहुधा 18 नंबरच्या, आतलं पाणी ओढून पाहतात. डेंटिजेरस सिस्टचं पाणी गवतासारखं पिवळसर, पातळ असतं आणि उजेडात धरलं तर त्यात चमचमणारे कण दिसतात, ते कोलेस्टेरॉलचे. दाट, पांढरट, चिजासारखं निघालं तर केराटोसिस्टचा संशय. नुसतंच रक्त ओढलं गेलं तर सर्जन तिथेच थांबतील, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. एवढ्यासाठी सुई टोचण्याची पायरी कुणी वगळू नये. मग दुधाची दाढ काढायची, खड्ड्याच्या तळाचं पातळ हाड आणि पिशवी कापून वाट मोकळी करायची, तुकडा 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि पोकळीत औषधी गॉझची पट्टी भरायची. आत अडकलेल्या दाताला हात लावायचा नाही. गॉझ साधारण पाच ते सात दिवस राहतो. गॉझ बहुधा आयोडीनयुक्त औषधाचा असतो, तेव्हा मुलाला आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

गॉझ काढला की प्लेटचं माप घेतात, आणि इथेच पहिली गफलत होते. माप घेण्याचा अल्जिनेटचा गुलाबी लगदा दाबाखाली पोकळीत खोल घुसतो, तुटतो आणि आत राहतो. तो एक्स-रेवर नीट दिसत नाही. कळतं ते आठवड्याने वास आणि पू यायला लागल्यावर. म्हणून माप घेण्याआधी व्हॅसलीन लावलेला, दोरा बांधलेला गॉझचा बोळा पोकळीत बसवून फक्त तोंडाजवळची 4-5 मिलिमीटर खोली मोकळी ठेवतात. दोरा बाहेर लोंबता हवा. माप निघाल्यावर बोळा पूर्ण आला का, हे तुमच्यासमोर पाहायला सांगितलं तर कुणी रागावू नये.

प्लेट म्हणजे जिभेच्या बाजूने बसणारी पातळ ॲक्रिलिकची (कडक प्लॅस्टिकची) पट्टी, दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची. दोन्हीकडच्या, सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढांना 0.7 मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारेचे आकडे असतात, त्यांना ॲडम्स क्लास्प म्हणतात; पुढे दुधाच्या सुळ्याला एखादा साधा आकडा. भोकाच्या जागी याच पट्टीतून एक बूच खाली उतरतं. ते तोंडाशी 6 ते 8 मिलिमीटर रुंद आणि खाली निमुळतं हवं. सुरुवातीला 8 ते 10 मिलिमीटर खोल पुरतं. सरळ उभं, बाजूला खोबण नसलेलं, कारण खोबण असली की मांस तिच्यात वाढतं आणि काढताना रक्त येतं. बुचाच्या मधोमध 2-3 मिलिमीटरचं आरपार छिद्र ठेवलं तर प्लेट तोंडात असतानाही पाणी बाहेर पडतं आणि पिचकारीने धुताही येतं. बूच दाताच्या डोक्यापासून 2-3 मिलिमीटर वर थांबलं पाहिजे. ते दाताला टेकलं तर दात वर यायचा कसा?

काही ठिकाणी प्लेटऐवजी रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी टाके घालून शिवतात. मोठ्या माणसात किंवा वरच्या जबड्यात ते बरं चालतं. मुलांत टाके सुटतात आणि नळी एकतर बाहेर पडते किंवा आत घसरते. प्लेटला आकड्यांचा आधार असल्याने बूच पोकळीत हरवत नाही. शिवाय प्लेट दाढेची जागा राखते, हा फायदा लोक विसरतात. खालची दुधाची दुसरी दाढ साधारण 10 मिलिमीटर रुंद, तिच्या जागी येणारी उपदाढ 7 च्या आसपास. दाढ लवकर काढून जागा उघडी ठेवली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला दरवाजा बंद. प्लेट ते होऊ देत नाही.

प्लेट पारदर्शक ॲक्रिलिकची मागा, गुलाबी नको. बसवल्यावर खालची हिरडी पांढरी पडली तर दाब जास्त आहे हे थेट दिसतं, तिथे घासून कमी करता येतं. क्लिनिकमध्येच हाताने मिसळून बनवलेली असेल तर त्यात उरलेलं द्रवरूप रसायन हिरडीला झोंबतं. ती 24 तास पाण्यात बुडवून ठेवूनच तोंडात घालावी. आणखी एक: साधं ॲक्रिलिक एक्स-रेवर दिसत नाही. प्लेट तुटून तुकडा गिळला किंवा श्वासनलिकेत गेला तर फोटोत सापडणार नाही. प्लेट तुटली की सगळे तुकडे जुळवून पाहा. एखादा कमी असेल आणि मुलाला खोकल्याची उबळ येत असेल, तर दाताच्या दवाखान्यात नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

आता घरचं काम. निभावेल का, हे विचारलंत ना, निभावतं. पण पहिले सहा आठवडे रात्रीही प्लेट तोंडातच हवी. कान टोचल्यावर तार काढून ठेवली की भोक बुजतं, तसाच प्रकार. मुलांचं मांस भराभर वाढतं. सुरुवातीला एक रात्र प्लेट बाहेर राहिली तरी सकाळी ती बसत नाही. पाहुणे आले, लग्नाला गेलो, डबीत विसरली, अशा कारणांनी भोक बुजतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. हा उपचार फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

जेवताना प्लेट घालूनच जेवायचं. काढून जेवलं तर भात, तीळ, राजगिरा, पेरूच्या बिया थेट पोकळीत जातात. जेवण झालं की बेसिनवर प्लेट काढायची. बेसिनमध्ये टॉवेल पसरा, हातातून निसटली तर फुटणार नाही. आकड्यांना नखाने दोन्ही बाजूंनी एकदम वर उचलायचं, एका बाजूने ओढलं की तार वाकते. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने प्लेट घासा, टूथपेस्टने नको, तिने ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू बसतात. गरम पाणी तर अजिबात नको, ॲक्रिलिक वाकडं होतं. तेवढ्या वेळात पोकळी धुवायची.

धुण्यासाठी 20 मिलिलिटरची सिरिंज आणि बोथट, वाकडं टोक. इंजेक्शनची टोकदार सुई कधीही नाही. मेडिकलमधलं सलाइन चालतं. घरी करायचं तर उकळून कोमट केलेल्या 250 मिलिलिटर पाण्यात सपाट अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा किंचित कमी मीठ. जास्त मीठ म्हणजे जास्त स्वच्छ, असं नाही. खारट पाणी जखमेला चुरचुरतं आणि मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. मुलाला पुढे वाकवून उभं करा, सिरिंजचं टोक भोकाच्या काठाला धरा, भोक टोकाने बंद करू नका, पाण्याला परतायला वाट हवी. हलक्या हाताने एकेक सिरिंज सोडत राहा, परतणारं पाणी नितळ येईपर्यंत. दिवसातून तीनदा, निदान दोनदा. रात्रीचं चुकवायचं नाही. रोज नवीन पाणी करा. हायड्रोजन पेरॉक्साइड पोकळीत घालू नका. त्याचा फेस आणि वायू बंद जागेत मांसात शिरतो आणि गाल फुगतो. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) डॉक्टरांनी दिलं असेल तर ते ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने वापरा, टूथपेस्टमधला फेस त्याचा जोर मारतो. महिनोन्‌महिने वापरलं तर दात तपकिरी होतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांपुरतंच.

शाळेत वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी द्या आणि मधल्या सुट्टीत पाण्याने जोरात खळखळून चूळ भरायला शिकवा. सिरिंज शाळेत नको. पहिले चार-पाच दिवस बोलताना लाळ सुटते, ‘स’ आणि ‘त’ गडबडतात. मोठ्याने धडा वाचायला लावा, आठवड्यात जीभ सरावते. चिक्की, टॉफी, ऊस बंद. कबड्डी महिनाभर थांबवा, बाकी खेळ चालू.

दवाखान्यात पहिला महिना दर आठवड्याला, मग दर तीन-चार आठवड्यांनी. प्रत्येक खेपेला डॉक्टर खुणा असलेल्या सळईने खोली मोजतील आणि बूच खालून 1-2 मिलिमीटर घासतील. हे आकडे तारखेसह तुमच्या वहीतही उतरवा. बूच घासलं नाही तर ते तळाला टेकतं, मग प्लेट वर उचलली जाते किंवा हाड भरायचं थांबतं. इथे घरी एक गोंधळ होतो, तो ओळखायला शिका. प्लेट पूर्ण खाली बसत नाही, याचे दोन अर्थ असू शकतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आली असेल तर पोकळी भरतेय, चांगली खूण आहे, फोन करून बूच कमी करून घ्या. काल नीट बसत होती आणि आज नाही, तर भोक आवळलंय. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन्ही वेळा जोर लावून दाबायचं नाही, कानशीने घरी घासायचं नाही आणि तुटली तर झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने जोडायची नाही. दुधाचा एखादा दात पडला तर त्यावरचा आकडा सैल होईल. तेही लगेच दाखवा, नाहीतर झोपेत प्लेट निसटते.

सकाळी थोडा वास येणं, पिवळसर पाणी येणं पहिले काही आठवडे स्वाभाविक आहे. ताप, गालाची सूज वाढणं, दाट पू, तोंड उघडायला त्रास, हे जंतुसंसर्गाचं. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं. पण अँटिबायोटिकने सिस्ट आटत नाही, तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून देऊ नका. गाठ विरघळवणारे लेप आणि बाहेरून शेकही नको. संसर्ग असेल तर शेकाने तो गालात पसरतो. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटू लागली, तर त्याला मात्र थांबू नका. डेंटिजेरस सिस्टमध्ये आपणहून बधिरपणा येणं नेहमीचं नाही. सर्जनना त्याच दिवशी सांगा.

किती दिवस? मुलांमध्ये तीन महिन्यांच्या ओपीजीत काळा डाग लहान झालेला आणि कडेने हाड भरताना दिसायला हवा. बहुतेक मुलांत सहा महिने ते वर्षात काम होतं. ओपीजी शक्यतो त्याच मशिनवर काढा, कारण प्रत्येक मशिन प्रतिमा थोडीफार वाढवून दाखवतं आणि दोन वेगवेगळ्या मशिनवरच्या मापांची तुलना फसवी ठरते. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन सुरुवातीला एकदा ठीक, दर खेपेला नको. मुलाला विनाकारण किरण कशाला द्यायचे.

दात वर येईल का, याचं उत्तर आत्ताच्या ओपीजीत बरंचसं दडलेलं आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मूळ किती तयार झालंय, दात किती कलंडलाय आणि किती खोल आहे. खालची दुसरी उपदाढ एरवी अकरा-बारा वर्षांच्या सुमारास उगवते आणि तिचं मूळ तेरा-चौदापर्यंत पूर्ण होतं. नवव्या वर्षी मूळ अर्ध्याच्या आतच असतं, आणि वाढतं मूळ हाच दाताला वर ढकलणारा जोर. मूळ अर्ध्याहून कमी आणि दात फार आडवा नसेल, तर भोक ठेवल्यावर तो बहुधा आपला आपण सरळ होत वर येतो. पहिल्या तीन महिन्यांत तो हललेला दिसला की पुढचं सोपं. तीन-चार महिन्यांत जागचा हलला नाही तर ऑर्थोडॉन्टिस्टकडून (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडून) दाताला बटण चिकटवून बारीक साखळीने हळूहळू ओढून आणता येतो. दात दिसू लागला की बूच कापून टाकतात आणि उरलेली प्लेट जागा राखण्यापुरती ठेवतात.

रिपोर्ट केराटोसिस्टचा आला तरी प्लेट वाया जात नाही. आधी सिस्ट लहान करायची, भिंत जाड होऊ द्यायची, मग उरलेली काळजीपूर्वक काढायची, अशी दोन टप्प्यांची पद्धत चालते. फक्त पाठपुरावा अनेक वर्षांचा. अशा वेळी मुलाच्या जबड्यात दुसरीकडेही सिस्ट आहे का, घरात कुणाला अशा सिस्ट झाल्या होत्या का, हे विचारलं जाईल. नीट आठवून सांगा, कारण गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक प्रकार त्यातूनच पकडला जातो. अमेलोब्लास्टोमा आला, तर मात्र नुसत्या भोकावर विसंबायचं नाही, तोंडाच्या सर्जनांचं सविस्तर मत घ्या.

सर्जन आणि बालदंतवैद्य दोघं एकत्र असतील अशी जागा निवडा. भोक पाडतो एक आणि प्लेट बनवतो दुसराच, दोघांची गाठ नाही, असं झालं की गॉझ काढल्यावर माप घ्यायला चार दिवस उशीर होतो आणि तेवढ्यात भोकाचं तोंड आवळतं. खर्चाची चणचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईचं नायर दंत महाविद्यालय इथे दोन्ही विभाग एका छताखाली आहेत. बार्शीहून संभाजीनगर दर आठवड्याला परवडणार नसेल, तर शस्त्रक्रिया आणि प्लेट तिथे करून मधल्या खेपा सोलापुरातल्या बालदंतवैद्याकडे करता येतील. मात्र निघताना मूळ ओपीजीची डिजिटल प्रत, बायोप्सीचा रिपोर्ट आणि प्लेटचं प्लास्टरचं मॉडेल मागून घ्या. मॉडेल खोक्यात कापसात गुंडाळून ठेवा; प्लेट हरवली तर त्यावरून एका दिवसात नवी ओतता येते, पण बुचाची लांबी वहीतल्या शेवटच्या आकड्याप्रमाणे कमी करूनच.